टाळी मरेपर्यंत

खालच्या मजल्यावरच्या निवेदककाकांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा पृथ्वी थोडी कलली असावी. मी दार उघडलं. एक गृहस्थ नमस्कार-चमत्कार न करता थेट माझ्या बैठकीच्या खोलीत मधोमध येऊन उभे राहिले आणि त्यांनी एक टाळी वाजवली. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे गेलं. आतल्या खोलीत माझे सासरे कित्येक वर्षांत पहिल्यांदा पूर्ण जागे झाले.

"इथे घुमत नाही," काका म्हणाले. "इथे घुमत नाही. जुनी गादी आहे का? जुनी गादी आहे का?"

त्या आवाजापुढे नाही म्हणायची कुणाची छाती? गादी गेली.

काकांनी तीस वर्षं बसस्थानकावर गाड्या पुकारल्या होत्या. निवृत्तीनंतर त्या आवाजाला गिऱ्हाईकच उरलं नाही. घरात मीठ मागितलं तरी जिन्यातली माणसं बॅगा उचलायची. अशात एका कंपनीला गोष्टींची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारा माणूस हवा होता. नमुना घरूनच पाठवायचा, मुदत शनिवारपर्यंत. आपल्याला पुन्हा कुणीतरी ऐकणार, या विचाराने काका आठवडाभर तरंगत होते.

पहिला नमुना परत आला. 'खोली घुमते.'

काकांनी अंड्यांचे दोनशे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतींना चिकटवले. टाळी जशीच्या तशी परत आली, वर कोंबड्यांचा वास. मग कुणीतरी सांगितलं, की आवाज जिरायला जाड आणि मऊ काहीतरी लागतं. झालं! माझी गादी, सगळ्या मजल्यांवरच्या रजया, काकूंचे पडदे, सारं लाकडी चौकटींवर ताणून भिंतीपासून चार बोटं सोडून उभं राहिलं. खाली दोन सतरंज्या. टाळी जागच्या जागी मेली. इमारतीत आम्ही सगळे फरशीवर झोपू लागलो.

दुसरा नमुना परत आला. 'प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं. घुमणं कमी करा.'

शनिवारी सकाळी काका कपाटातले स्वेटर काढायला लागले, तेव्हा काकू कंबर कसून त्या खोलीत जाऊन बसल्या. "वाचा बघू माझ्यासमोर."

"राजा जंगलात गेला. राजा जंगलात गेला."

"अहो, भिंतीला कशाला बोल लावताय? तुम्हीच दोनदा म्हणताय!"

"मी कुठे दोनदा म्हणतो? मी कुठे दोनदा म्हणतो?"

"हे काय मग? राजा गेला तो गेला! त्याची गाडी सुटणार आहे का?"

काका मटकन सतरंजीवर बसले. "एकदा सांगून लोक ऐकतात होय गं?" ते म्हणाले, आणि पुन्हा तेच म्हणणार तोच काकूंनी त्यांच्या तोंडावर उशी धरली.

हीच युक्ती ठरली. काका वाचायचे, पूर्णविराम आला की काकू उशी दाबायच्या. सवय तीस वर्षांची, एका दिवसात थोडीच सुटते? पण राजा अखेर एकदाच जंगलात गेला, एकदाच हरवला आणि एकदाच घरी आला. मी ते रेकॉर्डिंग ऐकलं. खरंच सुंदर होतं. कुठे म्हणून घुमत नव्हतं.

ते पूर्ण झालं रविवारी. जागा शनिवारी भरली होती.

माझी गादी काकांनी परत दिली. तिला अंड्यांचा वास येतो.