डोक्याखालचा पेपर

माझं डोकं मशीनमध्ये घालायचं होतं. टेबलावर पांढरी चादर होती. मशीनवाल्याने ती आधी काढली, घडी करून बाजूला ठेवली आणि तिथे जुना पेपर पसरला. सेठला म्हणाला, "भट्टीची माणसं. चादर परत धुवायला टाकावी लागते."

सेठ हसला. आमच्या वीटभट्टीचा मालक तो. विटांची थप्पी माझ्या डोक्यावर कोसळली तेव्हा त्यानेच मला जीपमधून पनवेलला आणलं होतं. डॉक्टर त्याच्या ओळखीचा, स्कॅनवाला डॉक्टरच्या ओळखीचा. माझा बा चपला हातात घेऊन दाराशी उभा होता. तोही हसला. मला त्याची लाज वाटली, आणि लाज वाटली याची जास्त वाटली.

मी सोळा वर्षांची. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली. टेकण्याआधी पेपर वाचला. खांदा कॉलनीतल्या फ्लॅटची जाहिरात. एक बाई बाल्कनीत चहा पीत होती. तिच्या तोंडावर डोकं ठेवून मी पडले.

बाहेर बाकावर बसले होते तेव्हा फळ्यावरचे दरही वाचले होते. साध्या स्कॅनचा एक दर. इंजेक्शन देऊन काढला तर जवळजवळ दुप्पट. माझ्या आधीची बाई हातावर कापूस दाबत बाहेर आली होती. म्हणून मी भीतभीत सुईची वाट बघत राहिले. सुई आलीच नाही. सुटले, असं वाटलं.

संध्याकाळी भट्टीवर सेठने बाला सांगितलं, "इंजेक्शन द्याया लागला. म्हनून पैसं डबल झालं. पुढच्या बयान्यातून कापीन." बयाना म्हणजे हंगामाआधी मिळणारी उचल. ती घेतली की भट्टी सोडता येत नाही. माझ्या डोक्याची फिल्मही त्याने स्वतःच्या कपाटात ठेवली. पैसे फिटले की देणार होता.

मी गप्प बसले. ज्याने जीव वाचवला त्याला खोटं कसं म्हणायचं? मला ओझं उचलवेना, म्हणून धाकट्या बहिणीला, ठकीला, शाळेतून आणलं. माझी चुंबळ तिच्या डोक्यावर गेली. मी झोपडीच्या सावलीत बसून तिला विटा वाहताना बघायची. आय म्हणायची, "जगलीस ना, बास." तेच जास्त लागायचं. ठकीने मला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

दसऱ्यानंतर, नवा हंगाम लागायच्या आधी, सेठ आमच्या वाडीवर आला. स्कॅनचे कापून उरलेला बयाना बासमोर ठेवला. "ठकी पन हाय ना औंदा?" त्याने विचारलं. बाने हात पुढे केला.

मी म्हणाले, "सेठ, मला सुई कुठं दिली?"

"तू बेसुद होतीस. तुला काय ठावं?"

"सुदीत होते. माझ्या डोक्याखाली पेपर घातला. त्यात फ्लॅटची जायरात होती, बाई चा पीत होती. सुई नाय दिली. फळ्यावर दोन दर हायेत. ते पन वाचलेत मी."

सेठ बाकडे बघून हसला. "पोरीचा डोका अजून ठिकानावर नाय."

या वेळी बा हसला नाही. त्याने हात मागे घेतला.

त्या हंगामात आम्ही भट्टीवर गेलो नाही. मिळेल ते काम केलं, कधी उपाशी निजलो. ठकीचं नाव शाळेने कमी केलं होतं, ती परत गेलीच नाही. मी बोलले, पण एक हंगाम उशिरा बोलले. तो हंगाम ठकीच्या डोक्यावरून गेला. त्याची माफी मी स्वतःला देणार नाही.

फिल्म अजून सेठच्या कपाटात आहे. डोकं माझं, फिल्म माझी. ती मी आणणार, आणि एक पैसा न देता आणणार. आणि यापुढे वाडीतल्या कुणालाही मशीनखाली नेलं तर मी सोबत जाईन. आधी दर विचारीन, कशाचा किती ते. मग तो पेपर काढायला लावीन, चादर घालायला लावीन. त्याशिवाय डोकं टेकू देणार नाही.