चौथ्या मजल्यावरची आंटी

फातिमा आंटींनी बाही वर केली, मूठ आवळली आणि नर्सला सिंगापुरी ठसक्यात म्हणाल्या, "काढ रक्त. मी घाबरत नाही लाह!"

तेवढ्यात मी सहज विचारलं, "तुम्ही सल्माच्या वडिलांची बहीण की आईची?"

"कुणाचीच नाही. मी त्यांच्या बिल्डिंगमधली, चौथ्या मजल्यावरची."

अगं बाई! नर्सनं सुई परत ट्रेमध्ये ठेवली.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. सिंगापूरच्या एका हॉस्पिटलमध्ये मी जेनेटिक काउन्सेलर होते. कॅन्सर घराण्यातून उतरतोय का, हे शोधायचं माझं काम. सल्मा इथल्याच जुन्या अरब घराण्यातली, शाळेत शिक्षिका, वय अडतीस, दोन मुलं. तिची चुलत बहीण ब्रेस्ट कॅन्सरनं ऐन तिशीत गेली होती. आता आपल्यातही तो दोष आहे का आणि असेल तर ओव्हरी काढून टाकायची का, या विचारानं सल्माची झोप उडाली होती.

ही तपासणी आधी कॅन्सर होऊन गेलेल्या नातेवाइकाची करतात. बीआरसीए नावाचे दोन लांबलचक जीन्स असतात; त्यांत दोष असला, तर ब्रेस्ट आणि ओव्हरी दोन्हींच्या कॅन्सरचा धोका. तो दोष नेमका कुठे आहे ते एकदा सापडलं, की बाकीच्यांमध्ये तेवढंच बघायचं. आमच्या क्लार्कनं फोनवर सल्माच्या आईला विचारलं होतं, "कॅन्सर होऊन बरी झालेली कुणी आंटी आहे?" फातिमा आंटी म्हणजे कॅन्सरमधून बरी झालेली, तीस वर्षांपासूनची शेजारीण. आईनं प्रामाणिकपणे तिचंच नाव दिलं. आंटी सोबतीला आल्यात, असं सल्माला वाटलं. शेजारणीचा रिपोर्ट स्वच्छ आला असता आणि सल्मा निश्चिंत होऊन घरी गेली असती.

आमचे बॉस डॉक्टर लिम हसले. "तुम्हा इंडियन लोकांना नात्यांच्या फार चौकशा!"

"सर, इथे हॉकर सेंटरच्या टपरीवर कॉफी देते तीही आंटीच. चौकशी नको करू?"

सल्माच्या घरी बोलणं इंग्रजी आणि मलय, पण नात्यांचे शब्द अरबीच. आत्या ती अम्मा, मावशी ती खाला. आपल्यासारखंच दोघींना वेगवेगळं. गेलेली बहीण चुलत, म्हणजे बापाकडची, म्हणून मी विचारलं, "अम्मा कोण?"

सगळ्यांनी कोपऱ्यात पाहिलं. तिथे साठीच्या मरियम आत्या पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. "मला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "एकदा ऑपरेशन झालं, ते पित्ताच्या खड्यांचं."

न विचारता उत्तर आलं की माझे कान टवकारतात. मी जाहीर केलं, "नियमाप्रमाणे आता एका वेळी एकच नातेवाईक. बाकीच्यांनी कॅन्टीनला चहा घ्या." असा कुठलाही नियम नव्हता. डॉक्टर लिमनी भुवया उंचावल्या, पण गेले बिचारे तेही.

दार लागल्यावर मी विचारलं, "त्या खड्यांच्या ऑपरेशननंतर केस गळले का हो?"

आत्या आधी हसल्या, मग रडल्या. "कॅन्सरच होता, ओव्हरीचा. तीन मुलींची लग्नं व्हायची होती. सांगितलं असतं तर कोण आलं असतं विचारायला?"

"मुली आता आपापल्या घरी सुखात आहेत ना? मग सल्माचं काय?"

"पण मी तिच्या बापाकडची. हे आईकडून येतं ना?"

"बापाकडूनही येतं. त्याला स्वतःला काही झालं नाही तरी तो पोस्टमन असतोच."

त्यांनी बाही वर करून हात पुढे केला. घरी जाऊन मुलींना आणि सल्माला त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं.

दोष सापडला. सल्मातही तोच निघाला. ती खूप रडली, मग उठली आणि ऑपरेशनची तारीख घेऊनच गेली. काढलेल्या ओव्हरी स्वच्छ होत्या. आम्ही वेळेत पोचलो होतो. त्या दिवशी मीही रडले, सांगायला लाज कसली?

राहिले सल्माचे दोन भाऊ. दोघांनाही मुली. मी तीनदा फोन केले, समजावलं, माहितीपत्रकं पाठवली. "हा बायकांचा आजार," थोरला म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढच्या मंगळवारी दोघंही आले. मागून मरियम आत्या. थोरला दारातच कुरकुरला, "अम्मा, पण हे बायकांचं..."

"तुझ्या बापाकडून आलंय ते. बस खाली!"

दोघं बसले, दोघांनी बाह्या वर केल्या. काउन्सेलिंग शिकायला मला दोन वर्षं लागली होती.