पाठमोऱ्या फादरांचं सातवं पान

म्हाताऱ्या फादरांना सगळे ‘पाठमोरे फादर’ म्हणायचे. सकाळी सहाची त्यांची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, जुन्या पद्धतीची, लॅटिनमधली. तोंड वेदीकडे आणि पाठ लोकांकडे. चर्चचं काम बघणाऱ्या काकूंच्या यजमानांनी एकदा त्यांना सरळच विचारलं, “फादर, आम्ही इतके वाईट दिसतो का हो?”

“रांगेत सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला असतात,” फादर म्हणाले. “माझा नंबर पहिला, एवढंच.”

काकू तेवीस वर्षं वेदीवरची वस्त्रं धूत होत्या, इस्त्री करत होत्या. फादरांचे हट्ट त्यांना घरच्या माणसाच्या हट्टांइतके ठाऊक. वस्त्रं भिजवलेलं पहिलं पाणी मोरीत नाही, झाडाच्या मुळाशीच ओतायचं. सगळ्यात मोठा हट्ट म्हणजे, पन्नास वर्षं तोच विधी करूनही ते एक शब्द पुस्तकात न बघता म्हणत नसत. “तोंडपाठ झालं की तोंड चालत राहतं आणि मन भाजी आणायला जातं,” म्हणायचे.

मग त्यांची नजर गेली. भिंतीवरची पाटी दिसे, पुस्तकातली ओळ दिसेना. एका सकाळी ते दोनदा ओळ चुकले आणि तिसऱ्यांदा पानच. चर्चचा कारभार धाकट्या फादरांकडे होता. माणूस वाईट नव्हता, काळजी करणारा होता.

“आता न बघताच म्हणा, फादर. नाहीतर ही मिस्सा थांबवू या. तुमची ओढाताण बघवत नाही.”

“न बघता म्हणणार नाही.”

“मग रविवारपासून बंद.”

काकू इस्त्रीची चळत घेऊन दारात उभ्या होत्या. मोठ्यांच्या बोलण्यात पडायची त्यांना सवय नव्हती, पण पडल्या. “महिनाभर द्या, फादर. मी मोठ्या अक्षरात लिहून काढते.”

“काकू, रोजची प्रार्थना वेगळी असते. किती लिहाल?”

“मग रोज एकच चालेल का, ते वरच्यांना विचारून घ्या.”

धाकट्या फादरांनी विचारून घेतलं. नजर गेलेल्या पुरोहिताला तशी मुभा मिळते म्हणे.

जेवणाच्या टेबलावर डावीकडे दिवसाची एक ओळ लिहायची काकूंची रोजची वही, उजवीकडे जाड कागद. अक्षरं ओळखीची, भाषा परकी. अंगठ्याएवढं एकेक अक्षर. भाजी करपली, दूध उतू गेलं, काकू उठल्या त्या फक्त गॅस बंद करायला. यजमान छापखान्यातून निवृत्त झालेले. तपासायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. सहा पानं काटेकोर तपासली आणि सातव्याला त्यांना डुलकी लागली.

“काय हो, झालं?”

“झालं, झालं. एक चूक नाही!”

ठरलेल्या दिवशी धाकटे फादर शेवटच्या बाकाजवळ उभे राहिले. आज अडलं की कायमचं थांबलं, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हातारे फादर पानामागून पान उलटत गेले. सहा पानं सुरळीत गेली. सातव्यावर ते थांबले. तिथे आवाज खाली घेऊन वाचायचं असतं, त्यामुळे काय अडलंय ते कुणालाच कळेना. काकूंनी बाकाची कड घट्ट धरली. धाकट्या फादरांनी एक पाऊल पुढे टाकलं. तेवढ्यात पान उलटल्याचा आवाज आला, आणि मग शेवटपर्यंत कुठेही अडलं नाही.

मागच्या खोलीत वस्त्रं उतरवताना म्हातारे फादर गंभीरपणे म्हणाले, “काकू, सातव्या पानावर लिहिलंय, ‘आज गुडघे फार दुखले, तरी टेकले.’ ही कुठल्या संताची प्रार्थना?”

काकूंनी पदर तोंडावर धरला. वहीत लिहायची ओळ त्याच पेनने कागदावर उतरली होती. “अगंबाई! म्हणजे तपासताना यजमानांना डुलकी लागली! मग तुम्ही काय केलंत?”

“तिथे जिवंत माणसांची आठवण करायलाच थांबायचं असतं. समोर लिहिलेलं सगळं वाचायचं हा माझा नियम. तुमच्या गुडघ्यांसाठी थांबलो.”

“मी पान बदलून देते.”

“खबरदार!”

दारात येऊन उभे राहिलेले धाकटे फादर हसू दाबत म्हणाले, “उद्यापासून सहालाच. पण काकू, यजमानांना झोपू देऊ नका.”

पुढे चौदा महिने फादर सातव्या पानावर रोज थांबत राहिले. काकूंचे गुडघे काही बरे झाले नाहीत, पण पहिल्या बाकावर गुडघे टेकायचं त्यांनी सोडलं नाही.

फादर गेले त्या दुपारी धाकटे फादर काकूंच्या दारात आले. “दफनाआधीची मिस्सा मी त्यांच्याच पद्धतीने म्हणणार आहे. मृतांसाठीची जुनी मिस्सा. विधीचा मधला भाग तोच असतो. ती पानं द्याल?”

“तुमचे डोळे तर चांगले आहेत. पुस्तक आहे की.”

“पुस्तकात सातव्या पानासारखी जागा नाही, काकू.”

काकू आत गेल्या. पानांची चळत टेबलावर ठेवली आणि अकरावं पान काढलं. तिथे गेलेल्या माणसांची आठवण करतात. त्यांनी जाड पेन उघडला आणि मधल्या मोकळ्या जागेत, अंगठ्याएवढ्या अक्षरात, सावकाश लिहिलं: ‘आज आमचे फादर रांगेतून पुढे गेले.’

या वेळी चुकून नव्हे.