भिंतीतलं भोक
डांबराचा वास आला की मला पोंभुर्ण्याकडचं एक गाव आठवतं. पन्नासच्या दशकात लाइनवर मिस्त्री असताना आम्ही त्या गावावरून पुढच्या धानगिरणीसाठी विजेची तार ओढत होतो. आमची गाडी चिखलात फसली, तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आपले बैल जुंपून डांबर फासलेले खांब पोहोचवून दिले. "भाऊ, आमच्या घरी कधी येते लाइट?" त्याने विचारलं. गाव वीज द्यायच्या यादीत नव्हतं, तरी मी म्हणालो, "पुढच्या वर्षी." दोन वर्षांनी दुरुस्तीला गेलो, तर त्याच्या नव्या घराच्या मातीच्या भिंतीत तारेसाठी भोक ठेवलेलं. "पाणी येते आत, पण बुजवलं नाई. तुम्ही सांगतलं होतं ना," तो म्हणाला. मग मी त्याला खरं काय ते सांगितलं. तो माती कालवायला बसला. मीही शेजारी बसलो आणि दोघांनी मिळून ते भोक लिंपलं. आता तिथे वीज आहे म्हणतात. मी परत गेलो नाही.