आबांच्या वाट्याचा शांतता पुरस्कार

शहराच्या औरंगपुरा भागातल्या एका दैनिकात मी उपसंपादक होते. इंग्रजीतून आलेल्या बातम्या मराठीत करायच्या, मथळा द्यायचा आणि खाली छापखान्यात जुळणीला पाठवायच्या, हे माझं काम. एके दुपारी टेलिप्रिंटरवर बातमी आली की, शांततेचा मोठा जागतिक पुरस्कार एका आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शांतिसेनेला मिळाला आहे. ‘या सेनेत काम केलेल्या प्रत्येक सैनिकाचा हा सन्मान आहे,’ हे वाक्य लिहिताना माझा पेन थांबला. माझे वडील, आमचे आबा, त्या सेनेत होते.

संपादकांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. “मग इथं काय बसलात? गावी जा. मुलाखत पहिल्या पानावर घेऊ.”

आमचं गाव शेंद्र्याच्या पलीकडं. एसटीतून जाताना चिकलठाणा मागं पडला तरी दोन्ही बाजूंच्या शेतांत प्लॉटच्या खुणांचे दगड रोवलेले दिसत होते. दुष्काळाच्या वर्षांत आमची निम्मी मेंढरं गेली होती. उरलेली घेऊन आबा नाल्याच्या काठानं फिरत. फौजेतून परत आल्यावर त्यांनी घरचाच धंदा धरला होता. शांतिसेनेत परदेशी काढलेल्या वर्षाबद्दल ते आम्हाला फक्त संत्र्यांच्या बागांचं सांगायचे.

नाल्यावरच मी त्यांना बातमी वाचून दाखवली.

“आमाला?” ते म्हणाले. “कशापायी?”

“दोन देशांत लढाई होऊ दिली नाही म्हणून.”

त्यांनी नाल्यात उतरणारं एक मेंढरू काठीनं वळवलं. “एक माणूस मेला माझ्यासमोर. ते लिहिणार असशील तर सांगतो.”

मी हो म्हणाले. मग ते खाली बसले आणि घरात कधी न काढलेली गोष्ट त्यांनी मला सांगितली. दोन देशांच्या मधल्या पट्टीत त्यांची चौकी होती. एक म्हातारा रोज शेळ्या घेऊन तिथून जायचा. लांबून हात करायचा, आबाही करायचे. भाषा एकमेकांची येत नव्हती. एका सकाळी त्याची शेळी तारेखालून सुरुंगाच्या जागेत घुसली आणि तो तिच्यामागं निघाला.

“म्या वरडलो. त्यांचे चार शब्द शिकलो होतो, ते आठवंनात. आपल्याच बोलीत वरडलो, थांब बाबा, नको जाऊ! त्यानं मागं बघितलं, हसला, हात केला.” आबांनी हात वर करून दाखवला. “त्याला वाटलं, रोजच्यासारखीच हाक मारली. त्याच्या जागी म्या असतो तर म्याबी गेलो असतो शेळीमागं.”

मी सगळं लिहिलं. संपादकांनी वाचून तो भाग खोडला. “एवढ्या आनंदाच्या बातमीत मरण कशाला?” मी वाद घातला नाही. नोकरीत नवी होते, हे कारण मी पुढं स्वतःला बरेच दिवस देत राहिले.

आबांनी छापलेलं दोनदा वाचलं. घडी घालून माझ्या हातात दिलं. “त्याला काढला व्हय?” एवढंच म्हणाले.

पंधरा दिवसांनी शहरातल्या एका सभागृहात माजी सैनिकांचा सत्कार ठेवला. प्रमुख पाहुणे निवृत्त राजदूत होते, अनेक वर्षं त्याच संघटनेत वाटाघाटी करत आलेले. शाल घेतल्यावर आबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. मला वाटलं, नमस्कार करून बसतील. त्यांनी माइक धरला आणि शेळ्यांच्या म्हाताऱ्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. शेवटी पाहुण्यांकडं वळून विचारलं, “साहेब, हे बक्षीस समद्यांचं हाय म्हणत्यात. त्याचा वाटा कुठं हाय?”

मी खाली बघत होते. राजदूतांनी हातातलं भाषण बाजूला ठेवलं. “आम्ही टेबलावर बसून नकाशावर रेघ ओढली,” ते म्हणाले. “ती कुणाच्या चराईतून जाते, हे विचारायचं राहिलं. त्यांचं नाव काय होतं?”

“तेच तर ठाऊक नाय.”

“मी चौकशी करतो,” ते म्हणाले आणि खाली बसले. त्या दिवशी ते भाषण करायला पुन्हा उठले नाहीत.

अशी आश्वासनं मी बातम्यांत रोज छापत होते. पण उन्हाळ्याच्या तोंडावर गावी राजदूतांचं पत्र आलं, स्वतःच्या अक्षरात. जुन्या सहकाऱ्यांना विचारलं, त्या चौकीच्या नोंदी मागवल्या. त्यांत ‘एक स्थानिक मेंढपाळ’ इतकंच आहे. नाव मिळालं नाही, क्षमा करावी.

आबांनी ते माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. “माफी कशाची? शोधलं तरी त्यांनी,” ते म्हणाले. मग त्यांना उत्तर धाडायला मला कागद घ्यायला लावला.

“लिही. नाव नाय तर नाय, माणूस कसा होता ते तरी चौकीच्या दप्तरात राहू द्या. उंच होता. डाव्या पायानं लंगडायचा. डोक्याला पांढरं फडकं. शेळ्यांना तोंडानं शीळ घालायचा, आपल्यासारखीच. शेळ्यांच्या पुढं चालायचा, मागं नाय.”

ते सांगत गेले आणि मी एकही शब्द न गाळता उतरवत गेले.