गांजावरचा परिसंवाद आणि मूर्तिजापूरच्या शांताबाई

जानेवारी संपता संपता अमरावतीहून वानखडे मॅडमचा फोन आला. माझा धाकटा भाऊ सुमित ज्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकला, तिथं त्या शिकवतात. "फेब्रुवारीत आम्ही परिसंवाद ठेवतोय. गांजा कायदेशीर करावा का, हा विषय. एक वकील येतायत, एक निवृत्त पोलीस अधिकारी येतायत. पण ज्यानं हे स्वतः भोगलंय असं कुणी नाही. सुमित बोलेल का?" फोन स्पीकरवर होता. मी "नको" म्हणायच्या आतच सुमित "येतो" म्हणून मोकळा झाला.

एरवी या ब्लॉगवर मी गड-किल्ले आणि खाणं यांवर लिहिते. हे लिहावं का, असं सुमितला विचारलं. तो म्हणाला, "नाव घालून लिही." म्हणून आधी थोडं मागचं सांगते.

तीन वर्षांपूर्वी, शेवटच्या वर्षाला असताना, सुमित गांजा ओढायचा. सुरुवातीला शनिवार-रविवार, पुढे रोज. आम्हाला नाशिकला काही पत्ता नव्हता. मग त्याला वाटायला लागलं, की सगळे आपल्यावर पाळत ठेवून आहेत. खोलीवरचे मित्र घाबरले. दवाखान्यात न्यावं तर डॉक्टर पोलिसांना कळवतील, पोलीस सगळ्यांनाच धरतील, या भीतीनं त्यांनी त्याला दुपारच्या गाडीत बसवलं. एकट्याला. नाशिकपर्यंत तो आलाच नाही, मूर्तिजापूरला उतरला. तिथं शांताबाई नावाच्या चहावाल्या बाईंनी त्याला सांभाळलं, त्याच्या फोनवरून मला कळवलं, आणि आम्ही पोचायच्या आत त्याला अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात दाखलही केलं. अठरा दिवस तो तिथं होता. आज तो नोकरी करतो, गोळ्या चालू आहेत, सकाळी पोहायला जातो. त्या दिवसांत धावपळ इतकी होती, की कुणाचे धड आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून ठरवलं, जातोच आहोत तर अकोला, मूर्तिजापूर आणि मग अमरावती, असं तीन दिवसांत करू. सोबत नाशिकची द्राक्षं घेतली. दोन पेट्या.

पहिला दिवस: अकोला

नाशिकरोडहून रात्रीच्या गाड्या आहेत. झोपून उठलं की अकोला. तिकीट मात्र महिनाभर आधी काढा, आम्हाला शेवटी दोन वेगवेगळ्या डब्यांत जागा मिळाली. स्टेशनजवळ साधं, स्वच्छ लॉज सापडलं. फेब्रुवारीत सकाळी गार आणि दुपारी चटका, अशी हवा. एक स्वेटर पुरे. एप्रिल-मेमध्ये हौसेनं इकडं येऊ नका, एवढंच सांगते.

दवाखान्यात बाहेरच्या बाकांवर तीच गर्दी, तशाच पिशव्या घेतलेली माणसं. सुमितवर उपचार केलेल्या डॉक्टरबाई अजून तिथंच आहेत. त्यांनी सुमितला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "गोळ्या मनानं बंद नाही ना केल्यास?" तो नाही म्हणाल्यावर मग हसल्या. द्राक्षांची पेटी त्यांनी स्वतः घेतली नाही, सिस्टरांच्या टेबलावर ठेवायला लावली.

मी त्यांना विचारलंच, की या परवानगीच्या वादावर तुमचं मत काय.

"कायद्याचं मला विचारू नका," त्या म्हणाल्या. "ओढणाऱ्या प्रत्येकाला असं होत नाही. पण कुणाला होईल, हे आधी सांगता येत नाही. कोवळ्या वयात धोका जास्त. आणि माझ्याकडं येतात ते फार उशिरा येतात. बाबा-बुवा करून, घरात कोंडून झाल्यावर. ज्या कायद्यानं ते लवकर येतील, तो मला चालेल." मग सुमितकडं वळून म्हणाल्या, "तुझं नशीब त्या बाईमुळं. काय घेतलंय विचारलं तर नातेवाईक लपवतात. तिनं तुझ्या खिशातली पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. आणि ती तुझी कुणी नव्हतीसुद्धा."

पुडीचं मला माहीत नव्हतं. बाहेर आल्यावर सुमित म्हणाला, "मलाही नव्हतं."

दुपारी एका खानावळीत ज्वारीची भाकरी, झुणका आणि ठेचा जेवलो. ठेचा मागताना जपून. "थोडासा" या शब्दाचा अर्थ इथं वेगळा आहे. सुमित मात्र चार वर्षं इथलं खाल्लेला, डोळ्यांत पाणी न आणता त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतला.

दुसरा दिवस: मूर्तिजापूर

अकोल्याहून मूर्तिजापूर एसटीनं तासाभराचं. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं मी खिडकीत ऐटीत बसले. रस्ता आता गुळगुळीत झालाय. सुमितच्या कॉलेजच्या वर्षांत याच रस्त्यावर माझ्या पाठीचा खुळखुळा झाला होता. दोन्ही बाजूंना काळी जमीन, घाट्यांनी लगडलेला हरभरा, मध्येच कापसाच्या गाड्या. पाण्याची बाटली अकोल्यातूनच भरून घ्या. हा खारपाणपट्टा आहे, इथलं पाणी सगळ्यांना मानवत नाही.

शांताबाईंचं दुकान स्टेशनबाहेर, शकुंतला या जुन्या आगगाडीच्या बंद पडलेल्या छोट्या रुळांच्या बाजूला आहे. वर पत्रा, समोर दोन बाकडी, मागं एक खोली. वय पन्नाशीच्या पुढं, आवाज खणखणीत. सुमित समोर उभा राहिला तशी त्यांनी हातातली गाळणी खाली ठेवली.

"अगं बाई! हा त थोच पोट्टा व्हय न? आंगानं भरला बाप्पा!"

सुमित पाया पडायला वाकला, तर त्यांनी त्याला दंडाला धरून उभं केलं. "बस न. चाहा घे. पानी खारं हाय आमच्या इकडचं, आधीच सांगून ठेवतो." मग माझ्याकडं पाहून, "तुमी थ्या फोनवाल्या ताई. भल्ल्या रडून राहिल्या होत्या."

मी तो दिवस त्यांच्याकडून पहिल्यांदाच नीट ऐकला. सुमित फलाटावरून बाहेर आला आणि दुकानामागं दडून बसला. कुणी जवळ आलं की ओरडायचा. गर्दी जमली. पोलिसांना बोलवा, असं कुणीतरी म्हणालं. शांताबाईंनी सगळ्यांना सांगितलं, "भाचा व्हय माहा, ताप डोक्यात गेला त्याच्या," आणि त्याला मागच्या खोलीत खाटेवर बसवून दार लोटून घेतलं. संध्याकाळी ओळखीच्या रिक्षावाल्याला घेऊन अकोला गाठलं. रस्ताभर त्याचा हात सोडला नाही.

"तुम्हाला भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"त्याच्या डोयाकडे पायलं न मले समजलं. माह्या दिराचे डोये असेच झाले होते." त्यांचे दीर भजनाला जायचे, तिथं चिलीम फिरायची. "लोकं म्हनत, देवाचं येड लागलं. आमीबी लोकायले तेच सांगत होतो. घरातच ठेवलं त्यायले. डाक्तरले नाई दाखवलं. मंग एक दिवस निंघून गेले, कुठं गेले कोनाले मालूम नाई."

गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी चहा दिला. मग सुमितनं हळूच विषय काढला.

"मावशी, उद्या मला कॉलेजात बोलायचंय. गांजा ओढणाऱ्या पोराला तुरुंगात टाकू नका, असं मी म्हणणार आहे."

शांताबाई एकदम ताठ झाल्या. "म्हंजे दुकानं काढा म्हनून राहिला का तू?"

"तसं नाही..."

"इथं गांजाचं दुकान आलं न, त मी त्याच्यासमोर खाट टाकून बसन. एकालेबी आत जाऊ देनार नाई, सांगतो तुले."

"मी पण बसेन तुमच्या शेजारी," सुमित म्हणाला. "दुकान असतं तर मी अकरावीतच नादी लागलो असतो."

"मंग भांडून काहून राहिला माह्यासंग?"

"मावशी, माझे मित्र वाईट नव्हते. त्यांनी मला गाडीत टाकलं कारण ते पोलिसांना भ्याले. दवाखान्यात गेलो तर आयुष्य संपलं, असं आम्हाला वाटायचं."

स्वतःहून उपचाराला येणाऱ्याला कायद्यात सवलत आहे, हे मला नंतर वाचून कळलं. तेव्हा त्या खोलीतल्या पोरांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मलाही माहीत नव्हतं, आणि मी कॉलेजात शिकवते.

शांताबाई बाकडं पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमीबी भ्यालो होतो. पोलिसायले नाई, लोकायले." आणि जरा थांबून, "पन त्या पोट्ट्यायनं तुले एकटं नोयतं पाठवाले पायजे. किती बी भेव असलं तरी. थे त मी नाई मानत."

सुमितनं मान डोलावली. निघताना त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. वांग्याची भाजी, भाकरी आणि वर आमचीच द्राक्षं. चहा-जेवणाचे पैसे द्यायला गेले तर त्यांनी माझी पर्स बंद केली. सुमितला मात्र बजावलं, "तू बोल उद्या. पन दुकान नको, हेबी सांगजो. माह्या नावानं सांगजो."

तिसरा दिवस: अमरावती

आदल्या संध्याकाळीच मूर्तिजापूरहून गाडीनं बडनेरा, तिथून रिक्षानं अमरावती गाठली होती. सकाळी सुमितनं मला त्याच्या आवडीच्या गाडीवर गिला वडा खायला नेलं. दह्यात भिजलेला उडदाचा वडा, वर तिखट-गोड चटणी. अमरावतीला जाऊन हा खाल्ला नाही, तर तिकिटाचे पैसे फुकट गेले समजा. सुमितनं एकच घास खाल्ला. "ताई, मला नाही जमणार." मी म्हटलं, "मग परत जाऊ." खरं तर मला तेच हवं होतं. त्यानं बशी खाली ठेवली आणि कॉलेजच्या दिशेनं चालायला लागला.

सभागृह भरलेलं होतं. वकील साहेबांनी मुद्दा छान मांडला: भांगेला एक नियम, दारूला दुसरा, गांजाला तिसरा; पकडली जातात ती गरीब आणि तरुण पोरं, विकणारे मोठे मासे बाहेरच. टाळ्या पडल्या. निवृत्त अधिकाऱ्यांनी सांगितलं, की परवानगी मिळाली की लाज जाते, आणि लाज गेली की घरातली लहान पोरंही हात लावतात. त्यालाही टाळ्या पडल्या. मी दोन्ही वेळा वाजवल्या, खोटं कशाला बोलू. मागच्या रांगेतून एका मुलानं विचारलं, "परवानगी भेटली त आमी संत्र्याच्या जागी तेच लावू का सर? रानडुकरं त खानार नाईत न?" सभागृह हसून हसून लोटपोट. वानखडे मॅडमही हसल्या आणि मग त्यांनी सुमितचं नाव घेतलं.

त्यानं लिहून आणलेला कागद उघडला, पाहिला आणि घडी करून खिशात घातला.

"मी याच कॉलेजचा. शेवटच्या वर्षाला मला वेड लागलं होतं," तो म्हणाला. "गाडीत बसल्यावर मला आवाज यायला लागले. त्यातला एक माझ्या ताईचा होता. ती म्हणत होती, 'उतर, हे लोक तुला मारतील, उतर.' गाडी चालू असतानाही म्हणत होती. मी दारापर्यंत गेलो होतो. तेवढ्यात मूर्तिजापूर आलं, म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे."

मी तिसऱ्या रांगेत होते. पुढची दोन-तीन वाक्यं मला ऐकूच आली नाहीत.

भानावर आले तेव्हा तो शांताबाईंबद्दल सांगत होता. नाव घेऊन. त्यांचा निरोपही जसाच्या तसा दिला: दुकान नको. "माझं म्हणणं अर्धं त्यांच्यासारखं आहे आणि अर्धं वकील साहेबांसारखं. पण तुमच्या खोलीतला मित्र विचित्र वागायला लागला, तर त्याला गाडीत बसवू नका. दवाखान्यात न्या. कायदा बदलेपर्यंत थांबू नका."

कार्यक्रम संपल्यावर ते निवृत्त अधिकारी सुमितपाशी आले. "त्या दिवशी मी फलाटावर असतो, तर तुला पुडीसकट धरलं असतं," ते म्हणाले. "बरं झालं, ती बाई होती." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. मत बदललं, असं ते म्हणाले नाहीत. पण एवढं बोलायलाही मोठेपणा लागतो.

मी दाराबाहेर काढलेल्या चपला शोधत होते, तेवढ्यात एक मुलगी जवळ आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मॅडम, अकोल्याच्या त्या डॉक्टर कोन्या दिवशी बसतात? माह्या भावाले दाखवाचं आहे. घरी कोनाले सांगितलं नाई अजून." मी तिला वार सांगितला, वेळ सांगितली, माझा नंबर दिला. तिनं तो वहीच्या आतल्या पानावर, अगदी बारीक अक्षरात लिहून घेतला.

परत नाशिकला

येताना अमरावतीची संत्री आणली. घरभर वास पसरला. कायद्याचं काय व्हावं, हे आता मला ठाम सांगता येत नाही. जाताना येत होतं. वर्गात आता मी मुलांना एवढं सांगते, की स्वतःहून दवाखान्यात जाणं हा गुन्हा नाही. ऋण म्हणाल तर अनोळखी माणसांचं इतकं आहे, की कुठून सुरू करावं कळत नाही.

परतल्यानंतरच्या रविवारी दुपारी सुमित गॅलरीत संत्रं सोलत बसला होता. तीन वर्षं मी त्याच्या गोळ्या मोजल्या होत्या, झोप मोजली होती, त्याचे मित्र तपासले होते. त्याला तेव्हा कसं वाटत होतं, हे मात्र एकदाही विचारलं नव्हतं. ऐकायची माझीच छाती नव्हती.

मी शेजारी जाऊन बसले. "सुमित, त्या गाडीत मी आणखी काय काय म्हणत होते?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. अर्धं संत्रं माझ्या हातात दिलं, आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागला.