धुळाप्पाला दुःख मिळेना

एकोणीसशे सव्वीस-सत्तावीसच्या सुमाराला सोलापूरच्या ख्रिस्ती वाडीत घोंगडी विणणाऱ्या धुळाप्पाला एकच दुःख होतं, ते म्हणजे त्याला दुःख नव्हतं. प्लेग येऊन गेला, मानमोडीच्या तापाची साथ येऊन गेली, धुळाप्पाला साधी शिंकही आली नाही. बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकी वाळीत टाकील म्हणून त्याने मनाची तयारी केली होती. भावांनी बकरं कापलं, आणि देव बदललास तरी लोकर आमच्याच मेंढरांची ने, असं बजावलं. असल्या माणसाने करावं तरी काय?

दुःख हवं होतं, कारण बुधवारच्या प्रार्थनेला साक्ष द्यायची रीत होती. प्रभूसाठी काय सोसलं ते ज्याने त्याने उभं राहून सांगायचं. वाडीतल्या शिवबाईला सासरच्यांनी नेसत्या लुगड्यानिशी हाकललं होतं. ती बोलू लागली की बाया पदर डोळ्यांना लावत. धुळाप्पाची पाळी आली की तो खाकरायचा, बरं चाललंय म्हणायचा आणि खाली बसायचा. त्यात चर्चच्या पाळक शरणप्पांनी एकदा पवित्र शास्त्रातून समजावलं, की देव ज्यांना आपली लेकरं मानतो त्यांनाच शिक्षा लावतो. ज्याच्या अंगाला छडी लागत नाही ते लेकरू त्याचं नव्हेच. झालं. देवाने आपल्याला पोरांत धरलेलंच नाही, या भीतीने धुळाप्पाला घास गोड लागेना. तरी वजन काही उतरलं नाही.

शेवटी त्याने ठरवलं, मंगळवेढ्याच्या बाजारात उभं राहून उपदेश करायचा आणि दगड खायचे. निघताना बायकोने, मायाक्काने, भाकरीचं गाठोडं डाव्या हाताने पुढे केलं. चांगल्या कामाला निघालेल्या माणसाला डाव्या हाताने! त्याला राग आला. मग हाच छळ तर नव्हे, असं वाटून थोडं बरंही वाटलं. पण एवढ्याशावर शरणप्पा साक्ष मानायचे नाहीत.

बाजारात ज्वारीच्या पोत्यावर चढून तो घसा फोडून ओरडला, पश्चात्ताप करा. लोक जमले. एकाने त्याच्या डोक्यावर छत्री धरली, एकीने ताक आणलं. बराच वेळ वाट पाहून त्यानेच विचारलं, दगड कोण मारणार आहे?

"पाव्हण्याला कोण दगड मारतंय?" ज्ञानबा नावाचा म्हातारा अडत्या म्हणाला. "जेवून जावा की."

पोटभर जेवण आणि वर पिशवीभर ज्वारी घेऊन तो परतला. मग त्याने वहाणांत खडे घातले. माळावर मेंढरांमागे अनवाणी वाढलेल्या पायांना ते कळलेच नाहीत. उपास केला, तर हलकं वाटू लागलं. अखेर प्रभूला दया आली. शेजारचा सिदू आणि त्याची बायको तानाबाई कडाकडा भांडत होती. धुळाप्पा मध्ये घुसला आणि कोणाचं कुठे चुकलं ते दोघांनाही सांगू लागला. नवराबायकोचं तिथल्या तिथे एकमत झालं आणि तानाबाईची फुंकणी धुळाप्पाच्या टाळक्यात बसली. रक्त पुसत त्याने तिचे आभार मानले.

बुधवारी डोक्याला भलं मोठं फडकं बांधून त्याने खणखणीत साक्ष दिली. बाया पदर चाचपू लागल्या. शरणप्पांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा लावला आणि शास्त्र उघडलं. प्रभूचा शिष्य पेत्र याने स्वच्छ लिहून ठेवलं होतं, की खुनी, चोर आणि दुसऱ्याच्या कामात लुडबूड करणारा यांनी सोसलेलं प्रभूच्या नावे धरायचं नाही. खुन्या-चोरांच्या पंगतीत धुळाप्पा खाली बसला.

घरी तो उंबऱ्यावर रडवेला होऊन बसला. मायाक्का फडकं बदलू लागली, एक टोक दातांत धरून, पुन्हा डाव्या हातानेच.

"सरळ हातानं बांध की," तो खेकसला.

"उजवा वर हुईत न्हाय," ती म्हणाली. "संक्रांतीपास्नं."

पीठ भरड येतं म्हणून तो रोज कुरकुरत होता, आणि ही एका डाव्या हाताने जातं ओढत होती.

"मग सांगितलं न्हाईस ते?"

"तुमी दुःख हुडकत बाजार पालथा घालत हुता," ती म्हणाली. "घरातलं कुणाला दावू?"

धुळाप्पाला फुंकणी लागली नव्हती एवढं हे लागलं. शरमेने त्याला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवसापासून तो जात्यावर बसला. बाप्या माणूस दळतोय हे बघायला अख्खी वाडी दारात लोटली. सिदूने ओवी म्हणायला सांगितलं. तानाबाईने बांगड्या आणून उंबऱ्यावर ठेवल्या. गावाहून आलेले भाऊ खाली मान घालून परत फिरले आणि घराण्याची अब्रू घालवलीस, यापुढे लोकर मिळणार नाही, असा निरोप त्यांनी धाडला. धुळाप्पा सकाळी दळायचा, दुपारी मायाक्काच्या खांद्याला वाळूचा शेक द्यायचा आणि भाकरी थापायला शिकायचा. त्या भाकरी कशा व्हायच्या ते मायाक्काने कधी कोणाला सांगितलं नाही.

बुधवारची घंटा झाली तरी तो प्रार्थनेला आला नाही, म्हणून शरणप्पा स्वतः दारात आले. वाटेतली टिंगल त्यांनी ऐकलीच होती. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"धुळाप्पा," ते म्हणाले, "लोक तुला एवढं छळतात. चल, आज साक्ष दे."

धुळाप्पाने पिठाने पांढरं झालेलं तोंड वर केलं.

"कोन छळतंय?" त्याने विचारलं. "जरा बाजूला व्हा, पाळकसाहेब, उजेड अडतोय. हिचा शेक ऱ्हायलाय."